परड्यातलं खालचं अंगण

शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतली जुनी घरं रस्त्यावरून पाहून कळत नाहीत. दर्शनी भाग जेमतेम पंधरा-अठरा फुटांचा. एक दार, एक खिडकी आणि दाराशेजारी बसायला कट्टा. आत शिरलं की घर आगगाडीच्या डब्यांसारखं मागे मागे जात राहतं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि सगळ्यात शेवटी परडं. कुणी त्याला परसू म्हणतं, कन्नडमध्ये हित्तल. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगाव कंपनी सरकारच्या आणि मग इंग्रजांच्या मुलखात. पण परड्यांना संस्थानाची हद्द कधी कळली नाही. आड, दगडी डोण, तुळस, एखादी केळ, अबोलीचा वाफा आणि शेजारच्या परड्यात जायला भिंतीत ठेवलेली खिंड, एवढं सगळीकडे सारखंच असायचं. त्या खिंडीतून दुपारी बायकांची ये-जा चाले. वाक्य मराठीत सुरू होई आणि कन्नडमध्ये संपे, आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नसे.

आता यातली बरीच परडी उरली नाहीत. वाटणीत भिंती आल्या, खिंडी बुजल्या. आडावर लोखंडी जाळी बसली आणि शेजारी बोअर मारली गेली. जिथे माती होती तिथे फरशी आली, नाही तर विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायला खोली. त्याबद्दल कुणाला दोष द्यायचा नाही. खोलीचं भाडं दर महिन्याला येतं, अबोली काही भाडं देत नाही.

आमच्या वाट्याला आलेलं परडं बावीस फूट बाय अठरा फूट. यजमानांच्या मनात तिथे खोलीच होती. मी मात्र जमीन थोडी खाली घेऊन बसायची जागा करू या म्हणत होते. इंग्रजी मासिकांत ‘सन्कन पॅटिओ’ या नावाने तिचे गुळगुळीत फोटो येतात. चौकोनी खड्डा, मध्ये शेकोटी, भोवती उशा, आणि पावसाचा मागमूस नाही. फोटो पाहून यजमान म्हणाले, “मनी हिंद तग्गु यारार तोडतारेनु?” घरामागे खड्डा कोण खणतं? प्रश्न अगदीच बिनबुडाचा नव्हता. आमच्याकडे खड्डा म्हटलं की कचऱ्याचा, नाही तर मैल्याचा.

मध्ये बोलल्या त्या आमच्या अत्ती, म्हणजे सासूबाई. वय शहात्तर. त्यांचा जन्म विणकराच्या घरातला आणि सासरही विणकराचं. सासरे गेले, माग विकला गेला. तेव्हापासून त्यांचा दिवस सोप्यातल्या टीव्हीपुढे जातो. गुडघे धरतात. जमिनीवर बसता येत नाही, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलं की पाय लोंबकळून सुजतात. त्या म्हणाल्या, “नम्म मग्गद तग्गु इद्दंग माडसु.” आपल्या मागाचा खड्डा होता, तसा करून घे.

ज्यांनी खड्ड्याचा हातमाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. यात विणकर खुर्चीवर बसत नाही. जमिनीत दोन-अडीच फूट खोल खड्डा असतो. त्याच्या काठावर बसून पाय आत सोडायचे, पायाखालच्या दांड्या आळीपाळीने दाबायच्या आणि हाताने धोटा फेकायचा. सूत जमिनीलगत ताणलेलं असतं, आणि खड्ड्यातल्या गारव्याने ते कोरडं पडून तुटत नाही. शहापुरी लुगडी अशा मागांवर विणली गेली. पुढे यंत्रमाग आले आणि घरोघरचे हे खड्डे बुजवून वर फरश्या घातल्या गेल्या. आमच्या माजघरातली आठ फरश्यांची एक ओळ बाकीच्यांपेक्षा उजळ आहे. खाली मागाचा खड्डा आहे. अत्ती त्या काठाशी बसून कांड्या भरत असत. माणूस तासन्‌तास काठावर पाय सोडून बसू शकतो, हे त्यांना कुठल्या मासिकातून कळायला नको होतं.

यजमान गप्प झाले. राजी झाले असं नाही, पण खोलीचा विषय मागे पडला.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोन ठिकाणं मुद्दाम बघून आलो. पहिलं गोव्यात. चोर्ला घाट उतरून साखळीवरून माशेलच्या बाजूला गेलं की माझ्या एका सहकारी बाईंचं माहेर लागतं. जुनं चौसोपी हिंदू घर. मधोमध राजांगण, म्हणजे वरून उघडा चौक, भोवतालच्या पडवीपेक्षा खाली. मध्ये तुळशीवृंदावन. चारही छपरं आतल्या बाजूला उतरतात, त्यामुळे घरावरचा निम्मा पाऊस त्या चौकात पडतो. गोव्याचा पाऊस म्हणजे बेळगावच्या दुप्पट धरायला हरकत नाही. तरी त्या घरात पाणी कधी पडवीवर चढलेलं नाही. का, ते त्या घरच्या आजींनी दाखवलं. चौकाचा उतार एका कोपऱ्याकडे होता, आणि तिथून चिऱ्याच्या पाटातून पाणी थेट घराखालून बागायतीत जात होतं. घर उतारावर आहे, बागायत खाली आहे, म्हणून हे जमतं. आजी पडवीच्या काठावर बसून नारळ सोलणाऱ्या गड्याशी बोलत होत्या. पाय चौकात. अत्तींनी ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

कर्नाटकात दक्षिणेकडे आणि मलनाडात अशाच घराला तोट्टी मने म्हणतात. आपल्याकडच्या वाड्यातला चौक तोच. नावं तीन, प्रदेश तीन, पण बांधणाऱ्यांनी एक गोष्ट सारखीच केलेली दिसते. चौक किती खाली घ्यायचा, हे दिसायला कसं दिसेल यावरून ठरवलेलं नाही. पाणी कुठे जाणार आणि माणूस काठावर कसा बसणार, या दोन गोष्टींवरून ठरवलेलं आहे.

दुसरं ठिकाण लक्कुंडी. गदगच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवर. अत्तिमब्बेने १००७ साली बांधवलेली ब्रह्मजिनालय बसदी बघायला बहुतेक लोक जातात. आम्ही गेलो ते माणिकेश्वर देवळापुढच्या मुसुकिन बावीसाठी. कल्याणी चालुक्यांच्या काळातली ही पायऱ्यांची विहीर फारच देखणी आहे. कडेच्या भिंतींतून छोट्या छोट्या देवळ्या काढलेल्या, दगडावर दगड नेमका बसवलेला. पण अत्ती वरच थांबल्या. त्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांच्या नव्हत्या. मी उतरताना प्रत्येक पायरीला हाताने भिंत शोधत होते, वर येताना जास्तच. शेजारी एक पर्यटक मुलगा दोन-दोन पायऱ्या गाळत उतरत होता. पायरीचं माप बांधणाऱ्याच्या डोळ्यापुढे कोण होतं यावर ठरतं. आमच्या डोळ्यापुढे कोण हवं, हे तिथे वरच्या सावलीत पाणी पीत बसलं होतं.

घरी आल्यावर गवंडी बोलावला. त्याने परडं पाहिलं, पान तोंडात सरकवलं आणि विचारलं, “मॅडम, खड्डा काय, दोन दिवसांत मारतो. पाणी कुठं सोडतासा?”

सगळं काम खरं तर या एका प्रश्नात आहे. शहापुरातले रस्ते दर काही वर्षांनी डांबर, मग काँक्रीट करत उंच होत गेले, आणि घरं जिथल्या तिथे राहिली. गवंड्याने पाणी भरलेली पारदर्शक नळी परड्यापासून रस्त्यापर्यंत धरून दाखवली. आमचं परडं रस्त्याच्या गटारापेक्षा चार इंच खालीच निघालं. म्हणजे आणखी दीड फूट खाली गेलं तर गटाराकडे पाणी जाणं अशक्य, उलट गटाराचंच पाणी आत यायची भीती. गोव्यातल्या त्या घराचा उतार आम्हाला नव्हता.

मी मराठी शिकवते, गणिताशी माझा संबंध दहावीनंतर तुटला. पण हा हिशेब सोपा आहे आणि प्रत्येकाने करून बघावा असा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं. आमच्या आखणीतलं खालचं अंगण १२ फूट बाय १० फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यात थेट आभाळातून अकराशे लिटर पाणी पडणार. कुठेच निचरा झाला नाही असं धरलं तरी ते पाणी चार इंच उभं राहील. त्रास आहे, संकट नाही. पण घराच्या मागच्या छपराचा साधारण ४०० चौरस फुटांचा भाग परड्यात उतरतो. त्या छपरावरून त्याच दिवशी आणखी ३,७०० लिटर येणार. दोन्ही मिळून खड्ड्यात सतरा इंच पाणी. आमचा खड्डा अठरा इंचांचा! म्हणजे छपराचं पाणी आत आलं तर बसायची जागा एका दिवसात हौद होणार.

असे दिवस बेळगावात येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात महापूर आला. शहरातही बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारांत आणि सखल वस्त्यांत शिरलं. त्या आठवड्यात आमच्या परड्यात घोट्याएवढं पाणी होतं. हे विसरून खड्डा खणणं म्हणजे घरात हौस म्हणून आजार आणणं.

म्हणून पहिलं काम खड्ड्याचं नव्हतंच. मागच्या वळचणीला पन्हळ बसवली, तिचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून आडात सोडलं. आडावरची जाळी बऱ्याच वर्षांनी उघडली. खड्ड्यातलं पाणी मात्र आडात सोडायचं नाही. त्यात चपलांची माती, पक्ष्यांची घाण, सगळं असतं. त्यासाठी वेगळा शोषखड्डा, आडापासून जास्तीत जास्त लांबच्या कोपऱ्यात.

शोषखड्डा चालेल का, हे उन्हाळ्यात कळत नाही. एप्रिलमध्ये मी परड्यात फूटभर खोल खड्डा करून त्यात पाणी ओतलं होतं. पाऊण तासात जिरलं. आपली माती तांबडी, खाली मुरूम आणि जांभा, म्हणून मन खूश झालं. गवंडी म्हणाला, श्रावणात परत ओता. श्रावणात तेच पाणी जिरायला रात्र गेली. खालची जमीनच भरलेली, पाणी जाणार कुठे? मग आडाकडे लक्ष गेलं. जून ते सप्टेंबर दर रविवारी दोरीला दगड बांधून आडातल्या पाण्याची पातळी मोजली आणि कॅलेंडरवर लिहिली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी सगळ्यात वर आलं होतं, जमिनीपासून आठ फुटांवर. म्हणजे शोषखड्ड्याचा तळ पाच फुटांच्या खाली नेण्यात अर्थ नाही. त्याखाली तीन फूट तरी कोरडी माती उरायला हवी, नाही तर शोषखड्डा शोषणार नाही, उलट झरा होईल. ज्यांच्या परड्यात जुना आड आहे त्यांना ही माहिती फुकट मिळते. अशांनी तो बुजवू नये, एवढंच मी म्हणेन. ‘हित्तल गिड मद्दल्ल’ म्हणतात, परसातल्या झाडाला कुणी औषध मानत नाही. परसातल्या आडाचंही तसंच झालं आहे.

एक अख्खा पावसाळा असा गेला. यजमानांना वाटलं, उत्साह ओसरला. जानेवारीत खणायला सुरुवात केली.

आता मापं. दोन बाजूंच्या भिंतींपासून चार-चार फूट आणि उरलेल्या दोन बाजूंना पाच-पाच फूट जागा सोडली. शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून खणणं धोक्याचं, तिचा पाया किती खोल आहे कुणास ठाऊक. खड्ड्याचा काठ परड्याच्या मातीपेक्षा दोन इंच वर घेतला, म्हणजे वाफ्यातलं पाणी आत वाहत येत नाही. काठापासून तळ अठरा इंच. हे अठरा इंच कुठून आले? घरातल्या जेवणाच्या खुर्चीची बैठक मोजा, साधारण तेवढीच भरेल. तळाला १२ फुटांत दोन इंच उतार दिला आहे, म्हणून जाळीच्या टोकाला खोली वीस इंच होते. अत्तींची बाजू उथळ टोकाची.

इथे एक गंमत आहे. मागाच्या खड्ड्यात बसायचं तर आधी जमिनीवर बसून मग पाय आत सोडायचे असतात. अत्तींना आता नेमकं तेच जमत नाही. त्यामुळे त्यांनी आधी खाली उतरायला हवं आणि मग काठावर बसायला हवं. खाली उभं राहिलं की काठ खुर्चीच्या उंचीवर येतो, बसायला आणि उठायला सोपा. म्हणजे सगळा भार पायऱ्यांवर आला. अठरा इंच दोन पायऱ्यांत उतरता येतात, तीनमध्येही. आम्ही चार चढ केले, साडेचार इंचांचा एकेक, आणि पायरीची रुंदी चौदा इंच, म्हणजे दोन्ही पाय एका पायरीवर ठेवून थांबता येतं. दोन्ही बाजूंना लोखंडी नळीचा कठडा. जिथून उतरायचं तिथे काठाचे दोन इंच ठेचकाळू नयेत म्हणून मातीच्या बाजूने हलका उतार दिला. गवंड्याला एवढ्या बुटक्या पायऱ्या बालवाडीच्या वाटल्या. त्याने तसं बोलूनही दाखवलं. अत्ती सिमेंट ओलं असतानाच फळीवरून दोनदा उतरून-चढून आल्या, त्यानंतर तो काही बोलला नाही.

दगडाबाबत मतं पुष्कळ निघाली. काळा कडप्पा दिसायला उत्तम, पण उन्हात तापतो आणि घोटलेला असला तर पावसात घसरतो. काठाला आम्ही शहाबादी घातली, दोन इंच जाड, न घोटलेली, कडा गोल केलेली. तळाला जांभ्याचे चिरे, खालून खडी. चिऱ्याच्या सांध्यांत सिमेंट न भरता बारीक वाळू भरली, थोडं पाणी तिथेच मुरतं. चिऱ्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं हे खरं आहे. आठवड्याला खराटा मारावा लागतो. बाजूच्या भिंतींतून मागच्या मातीतलं पाणी यावं म्हणून तळाजवळ दर तीन फुटांवर भोकं ठेवली आहेत. ती नसतील तर ओली माती भिंत आत ढकलते.

हे वाचून बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, अथणीकडच्या कुणी कुदळ उचलायच्या आत एक सांगायला हवं. तिकडची काळी जमीन, कन्नडमधली एरे मण्णु, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात केलेल्या खड्ड्याच्या भिंती दोन-तीन वर्षांत पोट काढतात, आणि पाणी तर मुरतच नाही. तिथे खणूच नये. परड्याच्या तीन बाजूंना दीड फूट उंचीचा कट्टा बांधावा, मागे मुरूम भरून झाडं लावावीत. मध्ये जमीन आहे तिथेच राहते, तरी खाली बसल्यासारखं वाटतं, आणि पाणी चौथ्या बाजूने जातं. मराठीतला कट्टा आणि कन्नडमधली कट्टी, वस्तू एकच आहे. त्यासाठी वास्तुविशारद लागत नाही. उलट कणकुंबी-जांबोटीकडच्या लोकांनी, माती कितीही चांगली असली तरी, वर छप्पर असल्याशिवाय या फंदात पडू नये. तिथला पाऊस शोषखड्ड्याला दाद देणारा नाही.

वास्तुशास्त्रवाल्यांनीही येऊन खड्डा कुठल्या दिशेला चालतो ते सांगितलं. दोघांची मतं जुळली नाहीत, त्यामुळे आमची सोय झाली.

खाली बसण्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. आमची कुंपणभिंत पाच फुटांची. दीड फूट खाली बसलं की ती साडेसहा फुटांची होते, म्हणजे भिंत न वाढवता आडोसा मिळतो. पण भिंत वाढवली नाही म्हणून पलीकडच्या काकू उभ्या राहिल्या की त्यांचं डोकं दिसतं. त्या भिंतीवरून बोलतात, अत्ती खालून उत्तर देतात. खिंड होती तेव्हाची गोष्ट वेगळी, पण आवाज पोचतो. मागच्या महिन्यात काकूंनी भिंतीवरून मेथीची जुडी दिली, तेव्हा अत्ती कठडा धरून स्वतः वर गेल्या. एरवी दुपारी चारला त्या खाली उतरतात. वातींचा कापूस घेऊन शहाबादीवर बसतात, पाय चिऱ्यावर टेकलेले. सूज कमी आहे. डॉक्टर म्हणतात चालणं वाढलं म्हणून, त्या म्हणतात दगड गार म्हणून.

पहिला मोठा पाऊस यंदा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. रात्रभर कोसळत होता. सकाळी तळात जाळीच्या बाजूला दोन बोटं पाणी आणि शेजारच्या आंब्याची पानं. जाळी पानांनी बुजली होती, बाकी काही नाही. पानं काढली तसं अर्ध्या तासात पाणी गेलं. पावसाळाभर ती जाळी रोज संध्याकाळी साफ करावी लागणार. एक दिवस चुकला तर डास. ते काम कुणी करायचं यावर घरात चर्चा झाली नाही. यजमान ऑफिसातून आले की चप्पल पायऱ्यांवर काढून खाली उतरतात, पानं गोळा करतात आणि वर यायच्या आधी आईशेजारी दहा मिनिटं बसतात. खोलीचं भाडं किती आलं असतं, हे मात्र अजून महिन्यातून एकदा सांगतात.